तालुक्याच्या गावचा स्पोकन इंग्लिश क्लास : तीन महिने केला, मनापासून लिहिते

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी पहिले कामाचं सांगून देते. क्लास चांगला आहे, मॅडम जीव लावून शिकवतात, तीन महिन्यांची फी साडेचार हजार आणि ती दोन हप्त्यात देता येते. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत कृषी केंद्राच्या वरच्या माळ्यावर आहे, सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहा ते साडेसात. बाकी खाली जे लिहिलं ते जास्त करून एकाच आठवड्याबद्दल आहे, कारण मला विचाराल तर पूर्ण फी त्या एका आठवड्यात वसूल झाली.

मी नर्स आहे, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या खेड्यातली. घरी साडेतीन एकर कोरडवाहू, कपाशी आणि मधात तूर. इंग्लंडला नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा पास करावी लागते, त्यातली ओईटी नावाची परीक्षा आमच्यासारख्या दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीच आहे. तिच्या स्पीकिंगमध्ये दोन रोलप्ले असतात, म्हणजे समोरचा पेशंट होतो आणि आपण नर्स म्हणून त्याच्याशी बोलायचं, एकेक पाच मिनिटांचा, आधी कार्ड वाचायला तीन मिनिटं देतात, आणि 2018 पासून त्यात फक्त व्याकरण आणि उच्चार नाही पाहत, पेशंटचं दुःख तुम्हाला समजलं का आणि ते तुम्ही बोलून दाखवलं का याचेही मार्क असतात. म्हणजे इंग्रजीत कोणाबद्दल वाईट वाटून घेणं हा माझ्यासाठी परीक्षेचा भाग होता आणि मला ते बिलकुल येत नव्हतं. सलाईन लावता येते, बीपी घेता येते, पण समोरचा रडून राहिला तर इंग्रजीत त्याला काय म्हणायचं हे कोणी कधी शिकवलंच नाही.

क्लास काही नर्सेससाठी नाही बरं का. आमच्या बॅचमध्ये चोवीस जण होते, कॉलेजची पोरं, एक बँक मित्र, खालच्या कृषी केंद्रवाल्याचा मुलगा, आम्ही दोघी नर्स, आणि एक रिटायर झालेले गुरुजी, ज्यांचा मुलगा बाहेर देशात आहे आणि सूनबाईशी फोनवर बोलता यावं म्हणून ते येत होते. पहिला दीड महिना सगळीकडे असते तसंच, आपली ओळख, काळ, प्रश्न कसे विचारायचे. सातव्या आठवड्यात मॅडमनी फळ्यावर मराठीतच लिहिलं, ‘घरी कोणाचं वाईट झालं की तुम्ही काय म्हणता?’ आणि सगळ्यांना सांगितलं की उद्या प्रत्येकानं घरचं एक वाक्य लिहून आणा, पुस्तकातलं नको.

दुसऱ्या दिवशी जी वाक्यं आली ती ऐकून खोली शांत झाली होती. ‘माय वं माय, कसं केलं देवानं.’ ‘माह्याच नशिबात हे काऊन?’ ‘बिचाऱ्याचं लय वाईट झालं.’ ‘पोटात कालवते वं पाहून.’ गुरुजींनी लिहून आणलं होतं ‘आता कोणासाठी स्वयंपाक करू’, ते कोणाचं वाक्य हे त्यांनी नाही सांगितलं आणि आम्ही नाही विचारलं.

मॅडमनी पहिले ‘बिचारा’ घेतला. इंग्रजीत त्याच्या जागी ‘पुअर’ येते. पुअर थिंग, पुअर सोल, पुअर डियर, नाहीतर नुसतं नावाच्या आधी, पुअर अमुक. इथं पैशाचा काही संबंध नाही, बंगल्यात राहणाऱ्या माणसाचा पाय मोडला तरी तो पुअर होतो. पैशानं गरीब म्हणायचं तर ‘ही इज पुअर’, आणि कीव करायची तर ‘पुअर हिम’, ‘पुअर यू’, ‘पुअर मी’. मग त्यांनी आमच्याच बोलण्यातलं दाखवलं की आपण गरीब गाय म्हणतो तेव्हा गायीच्या खिशात पैसे नाहीत असं थोडीच म्हणायचं असते, आणि गरीब हा शब्द अरबीतून आला तेव्हा त्याचा अर्थ परका, घरापासून दूर असलेला असा होता. बिचारा हा फारसीतून आला, बे म्हणजे नाही आणि चारा म्हणजे उपाय, ज्याच्याजवळ आता काही उपाय उरला नाही तो बिचारा. आपण ‘दुसरा चारा नाही’ म्हणतो तोच हा चारा. मी तीस वर्षं हा शब्द वापरून राहिली आणि तो आतून असा आहे हे मला माहीत नव्हतं.

‘पुअर थिंग’ फळ्यावर आलं तेव्हा मी खाली मान घालून बसली होती. कारण हे दोन शब्द मी पाचवीत असल्यापासून ओळखते.

2006 साल होतं. आमचे बाबा त्या वर्षी उन्हाळ्यात गेले, कसे गेले ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याच वर्षी जुलै लागता लागता पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले होते, सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं, आणि त्याच्या आगेमागे खेड्याखेड्यात बाहेरच्या गाड्या यायच्या, कॅमेरे घेऊन, वह्या घेऊन. आमच्याही घरी आले. मायला ओसरीत बसवलं, बाबांचा फोटो हातात धरायला सांगितला. त्यांच्यातल्या एका बाईनं माझ्या केसावरून हात फिरवला आणि सोबतच्या माणसाकडं पाहून म्हणाली, पुअर थिंग. मला पाचवीपर्यंतचं इंग्रजी येत होतं. पुअर म्हणजे गरीब, थिंग म्हणजे वस्तू. मी रात्री गोधडीत तोंड खुपसून रडली होती, बाबांसाठी तर रडतच होती पण त्या दिवशी यासाठी की त्या बाईनं मला गरीब वस्तू म्हटलं. इतकी वर्षं मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, मायलाही नाही. इंग्रजी बोलणाऱ्या माणसापुढं माझी जीभ जड व्हायची त्याचं कारण काही अंशी हेच असेल असं मला वाटते.

त्या दिवशी क्लास सुटल्यावर मी मॅडमला थांबवून विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं की इथं थिंग म्हणजे वस्तू नाही, आपण लहान लेकराला ‘बिचारं ते’ म्हणतो, लाडानं आणि कळवळ्यानं, तसं आहे. आणि हेही सांगितलं की ज्याच्याबद्दल म्हणतात त्याच्या तोंडावर, त्याला वगळून दुसऱ्याकडं पाहून म्हटलं तर ते लागते, मग शब्द कितीही मायेचा असो, म्हणून वॉर्डात पेशंटसमोर पुअर थिंग कधीच म्हणायचं नाही. अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली, जुन्या इंग्रजीत गेलेल्या माणसाच्या नावाआधी पण पुअर लावायचे. ‘माय पुअर फादर’ म्हणजे माझे गरीब वडील नाही, माझे वडील जे आता नाहीत ते. हे मी वहीत लिहून घेतलं आणि खाली तारीख टाकली.

घरी जाऊन मायला सांगितलं. म्हटलं, माय, ती जीपवाली बाई आठवते का, तिनं मले बिचारी म्हटलं होतं, मी उगाच वेगळं समजली. माय कापूस निवडून राहिली होती, मान वर न करता म्हणाली, ‘मले तं तवाच समजलं होतं. तिच्या डोयात पाणी होतं.’

आता ‘सॉरी’. आपल्याकडं सॉरी म्हणजे माफी, पाय लागला सॉरी, उशीर झाला सॉरी. त्यामुळं कोणी म्हणालं ‘आय अॅम सॉरी फॉर युवर लॉस’ तर आपल्याला वाटते याची काय चुकी, हा काऊन माफी मागून राहिला? बॅचमधल्या एका मुलानं खरंच सांगितलं की त्याचे आजोबा गेले तेव्हा कंपनीतल्या साहेबानं फोनवर आय अॅम सो सॉरी म्हटलं आणि यानं उत्तर दिलं, इट्स ओके सर, नॉट युवर मिस्टेक. साहेब गप्प झाला म्हणे. मॅडमनी सांगितलं की या सॉरीचं मूळ ‘सोअर’ या शब्दाशी आहे, सोअर म्हणजे दुखणारं, जखम ठसठसते तसं. म्हणजे सॉरी म्हणणारा माफी मागतच नाही, तो म्हणतो की मलाही दुखते. त्याला उत्तर फक्त थँक यू. नर्सला हे माहीत पाहिजेच, कारण दवाखान्यात दोन्ही सॉरी लागतात, सुई जोरात टोचली तर एक आणि रिपोर्ट वाईट आला तर दुसरा.

‘शेम’चं पण असंच. शाळेत आम्ही शेम शेम म्हणून ओरडायचो, म्हणजे लाज. म्हणून ‘व्हॉट अ शेम’ ऐकलं की आपल्या माणसाला वाटते माझी लाज काढून राहिले. पण त्याचा अर्थ अरेरे, वाईट झालं, इतकाच. बोंडअळीनं कपाशी गेली असं सांगितलं आणि समोरचा व्हॉट अ शेम म्हणाला तर तो तुमच्या बाजूनं बोलतो आहे. ‘व्हॉट अ पिटी’ही तेच. दक्षिण आफ्रिकेत तर नुसतं शेम म्हणतात, दुःखातही म्हणतात आणि गोड बाळ पाहिलं तरी म्हणतात. याच्या उलट ‘टू बॅड’ आणि ‘टफ लक’ दिसायला हळहळ वाटते पण सूर जरा बदलला की त्याचा अर्थ होते तुझं तू पाह्य. हे शब्द मॅडमनी आम्हाला वापरू नका म्हणून सांगितलं, फक्त ऐकून ओळखा. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं ‘ब्लेस हर हार्ट’ पण त्यातलंच, कधी खरी माया असते, कधी गोड बोलून समोरच्याला मूर्ख म्हणायचं असते.

मला सगळ्यात आवडलं ते ‘देअर देअर’. शब्दाशब्दानं पाहिलं तर तिथं तिथं, काहीच अर्थ लागत नाही, पण रडणाऱ्या लेकराच्या पाठीवर थापटताना म्हणतात, म्हणजे आपलं उगी उगी. उगीला तरी कुठं अर्थ शोधतो आपण.

मग आला तो भाग ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं. स्वतःबद्दल वाईट वाटणं. मॅडमनी फळ्याच्या एका बाजूला इंग्रजीतले असे शब्द लिहिले आणि ते जवळपास सगळे रागवायचे निघाले. ‘फीलिंग सॉरी फॉर युवरसेल्फ’ हे कौतुकानं कोणी म्हणत नाही, झालं आता, उठ, असं त्यात असते. ‘पिटी पार्टी’ म्हणजे स्वतःच्या दुःखाचा स्वतःच मेळा भरवणं. ‘वॉलो’ म्हणजे म्हैस डबक्यात लोळते ते लोळणं, दुःखात लोळून राहिला असं म्हणतात. कोणी फार रडगाणं लावलं तर अंगठा आणि बोट एकावर एक घासून जगातलं सगळ्यात लहान व्हायोलिन वाजवून दाखवतात, म्हणजे तुझ्या दुःखाला एवढुसंच संगीत पुरे. इंग्लंडमध्ये जुनी माणसं कसं काय विचारलं तर ‘मस्टंट ग्रम्बल’ म्हणतात, कुरकुर करू नये, बस. ‘जस्ट माय लक’ म्हणतात, माझं नशीबच असं, पण ते बस सुटली, वाळत घातलेले कपडे पावसात भिजले याच्यासाठी. कोणी गेलं तर जस्ट माय लक म्हणत नाहीत. आपल्याकडं मात्र बस सुटली तरी नशीब आणि माणूस गेला तरी नशीबच.

आणि ‘वो इज मी’. आता हे गमतीत म्हणतात, थट्टेत, पण हे खूप जुनं आहे, 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये आहे. त्यातल्या इंग्रजी ‘मी’चा अर्थ खरा ‘मला’ असा आहे, दुःख मला आहे असं ते वाक्य. मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं आणि खाली मराठी लिहिलं, मले दुःख आहे, आणि दोन्हीखाली रेघ ओढली. आपल्याकडं दुःख माणसाला होते, वाईट माणसाला वाटते, रडू येते, कीव येते, सगळं बाहेरून आपल्यापाशी चालत येते. आजच्या इंग्रजीत माणूसच ते होऊन जातो, आय अॅम सॅड. पण एकेकाळी त्यांचंही दुःख असंच चालत यायचं. मला हे ऐकून खूप बरं वाटलं, का वाटलं ते नीट सांगता येत नाही. जी भाषा मला लहानपणी परकी म्हणून टोचली होती तिच्या जुन्या घरात आपल्यासारखीच चूल दिसली असं काहीतरी.

इथं मी वर्गात हात वर करून बोलली, जे मी सहसा करत नाही. मी म्हटलं मॅडम, आमच्याकडं बाई मयताच्या घरी मोठ्यानं रडते, नुसती रडत नाही, बोलत बोलत रडते, मागं ठेवून गेला, पोरीचं लग्न कोण करन, या वावराचं काय करू, आणि बाकीच्या बाया तिला गप्प नाही करत, तिच्यासंगं रडतात. जात्यावरच्या ओव्यांमध्ये बायांनी आपलंच दुःख किती गायलं, त्याला कोणी लोळणं म्हटलं नाही. मग माझ्या मायनं जे केलं ते इंग्रजीत पिटी पार्टी होते का? मॅडम थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, नाही, ते त्यांच्याकडंही दुःखच आहे, ग्रीफ, त्याला कोणी हसत नाही, तिथं फक्त ते बोलून दाखवायची जागा लहान आहे, म्हणून नर्स म्हणून तुला ओळखावं लागल की समोरचा ‘आय अॅम फाइन, मस्टंट ग्रम्बल’ म्हणून राहिला म्हणजे तो बरा आहे असं नाही. हे उत्तर मला आजपर्यंत कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नाही.

रोलप्लेची प्रॅक्टिस पण त्याच आठवड्यात झाली. गुरुजी पेशंट झाले, मी नर्स. ते म्हणाले पत्नी गेली आणि झोप येत नाही, आणि मी आपल्या सवयीनं डोन्ट क्राय, डोन्ट वरी, एव्हरीथिंग विल बी फाइन. वॉर्डात आम्ही हेच करतो, काही नाही होत बाबा, रडू नका. मॅडमनी थांबवलं. सगळं फाइन होणार नाही हे त्यांनाही माहीत आहे आणि तुलाही. मग शिकवलं, ‘दॅट मस्ट बी व्हेरी हार्ड’, हे खूप कठीण जात असेल. ‘आय अॅम सॉरी यू आर गोइंग थ्रू धिस.’ ‘टेक युवर टाइम.’ ‘आय फील सॉरी फॉर यू’ नको, त्यात आपण उंचावर उभं राहून खाली पाहिल्यासारखं वाटते, आणि ‘आय पिटी यू’ तर कधीच नाही, ती जवळपास शिवी आहे. आणि एक वाक्य बोलून झालं की गप्प बसायचं. गप्प बसणं मला सोपं गेलं, आपल्याकडं मयताच्या घरी बसायला जातात ते बसायलाच जातात, बोलायला नाही. दुसऱ्यांदा केलं तेव्हा गुरुजींनी टेक युवर टाइम नंतर खरंच वेळ घेतला, आणि वर्गात कोणी घाई केली नाही.

आता कमी काय आहे तेही लिहिते, कारण फी आपल्या घामाची असते. चोवीस जण त्या खोलीत जास्त होतात, मागच्या बेंचवर फळा दिसत नाही. ऐकायची प्रॅक्टिस मोबाईलच्या स्पीकरवर घेतात, पंखा चालू असला की काही समजत नाही, पंखा बंद केला तर मे महिन्यात बसता येत नाही. एक साधा स्पीकर घ्यायला पाहिजे, मी हे मॅडमला तोंडावर पण सांगितलं. लाईट गेली की इन्व्हर्टर अर्धा तासच चालते. नोट्सच्या झेरॉक्सचे वेगळे पैसे, सगळे मिळून मला दोनशे साठ लागले. शेवटचे दोन आठवडे इंटरव्ह्यूच्या तयारीत घाईघाईनं गुंडाळले, तो भाग मला कच्चा वाटला. आणि ओईटी इथं शिकवत नाहीत हे लक्षात ठेवा, परीक्षेची तयारी मला वेगळी ऑनलाइन करावी लागून राहिली, लिहिण्याचा भाग तर पूर्ण. बाहेर जो ‘90 दिवसात फाडफाड इंग्रजी’ असा बोर्ड लावला आहे तो काढून टाकावा असं मला मनापासून वाटते, कारण आत जे शिकवतात ते त्या बोर्डापेक्षा फार चांगलं आहे आणि बोर्ड पाहून जो येईल तो निराश होईल.

ज्यांना फक्त सरकारी परीक्षेचं व्याकरण पाहिजे त्यांनी हा क्लास करू नका, तुमचे पैसे जातील. पण दवाखान्यात, हॉटेलात, फोनवरच्या नोकरीत, जिथं माणसाशी बोलावं लागते तिथं काम करणाऱ्यांनी नक्की करा. आशाताई, अंगणवाडीताई यांच्यासाठी सकाळची बॅच काढू असं मॅडम म्हणत होत्या, पाच जणी झाल्या तरी सुरू करतील, तुम्ही विचारून पाहा.

खेड्यावरून येणाऱ्या मुलींसाठी एक, आमच्याकडची शेवटची गाडी आठला निघते आणि साडेसातच्या क्लासनंतर स्टँडवर पोचायला पाच मिनिटं लागतात, म्हणजे गाडी मिळते. पण गाडी लागली नाही असं दोनदा झालं, तेव्हा मॅडमनी गावापर्यंत कोणाची सोबत आहे का ते विचारूनच घरी सोडलं. नवीन बॅच पोळा झाल्यावर सुरू होते. खिडकीजवळचा दुसरा बेंच पकडा, फळाही दिसते आणि हवाही लागते.